तिचा शनिवार, माझे चार दिवस

आमच्या घरी एक पितळी परात होती. आता तिच्या जागी तशीच दुसरी आहे. या दोन परातींच्या मध्ये माझा परंड्याचा पाच दिवसांचा प्रवास आहे. परंडा धाराशिव जिल्ह्यात आहे, हे तिथं जायचं ठरेपर्यंत मलाही नीट माहीत नव्हतं. ठाण्यात वाढलेल्या, इंग्रजी शाळेत शिकलेल्या माझ्यासारखीला ते नाव बाबांच्या गोष्टींतूनच ठाऊक होतं.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यानुपिढ्या कोकणात राहिलेले, मराठी बोलणारे ज्यू. घरात काही चांगलं घडलं, कुणी आजारातून उठलं, की आमच्याकडे मलीदा करतात. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा एकत्र कालवून परातीत डोंगरासारखे रचायचे आणि भोवती फळं मांडायची. मग हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, आणि नात्यातले पुरुष संदेष्टा एलियाहूची आठवण करून प्रार्थना म्हणतात. पोहे बाबा स्वतः कालवायचे. त्या परातीच्या काठावर नाव कोरलेलं होतं, 'सौ. केशरबाई'. आमच्या नात्यात केशरबाई कुणी नव्हती. लहानपणी मी कधी विचारलं नाही. मोठी झाल्यावर विचारलं नाही ते वेगळ्या कारणानं.

शाळेत ज्यू म्हणून मी एकटीच होते. "म्हणजे ख्रिश्चन का?" याचं उत्तर देऊन देऊन मी गप्प राहायला शिकले. कॉलेज संपल्यावर मी एका परदेशी शिक्षकांचा ऑनलाइन वर्ग लावला, तेव्हा पहिल्यांदा आपण कोण हे कुणीतरी स्पष्ट सांगितल्यासारखं वाटलं. नियम होते आणि नियमांना कारणं होती. मला ते मनापासून आवडले, अजूनही आवडतात. पण वर्षभरात मी आईच्या स्वयंपाकघरात परीक्षकासारखी उभी राहू लागले. माझा गॅस वेगळा, भांडी वेगळी, ताट वेगळं. दोन वर्षं मी आईच्या हातचं खाल्लं नाही. मलीदा ही आसपासच्या लोकांकडून उचललेली रीत आहे, असं मी बाबांना जेवणाच्या टेबलावर सांगितलं. बाबा म्हणाले, "असेल." एवढंच म्हणाले.

आणि एका दुपारी मी ती परात भंगारवाल्याला देऊन टाकली. तिच्यावर परक्या बाईचं नाव होतं. म्हणजे कुण्या परक्या घरात वापरलेली, तिच्यात काय काय शिजलं-मळलं असेल कोण जाणे, असा माझा हिशोब होता. आईनं दारातून पाहिलं आणि आत निघून गेली.

पुढच्या दिवाळीनंतर बाबांची बायपास झाली. ते सुखरूप घरी आले आणि आईनं मलीदा करायचं ठरवलं. बाबा म्हणाले, "केशरमावशीची परात काढून घासून ठेवा." आई म्हणाली, "माळ्यावर असेल." मग बाबांनी अंथरुणात पडल्या पडल्या सगळं सांगितलं. आजोबा परंड्याला कालव्याच्या कामावर ओव्हरसियर होते. शेजारच्या क्वार्टरमध्ये त्यांचे कारकून राहायचे, त्यांची बायको केशरबाई. आजीनं आणि तिनं एकाच दिवशी, एकाच तांबटाकडून दोन सारख्या पराती घेतल्या. बदली झाली तेव्हा दोघींनी पराती बदलून घेतल्या, आठवण म्हणून. "आईची परात अजून मावशीकडे आहे," बाबा म्हणाले. केशरबाई ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. त्यांचा मुलगा ऑपरेशननंतर बाबांना दर रविवारी फोन करायचा.

त्या रात्री मी ठरवलं की परंड्याला जायचं आणि ती दुसरी परात मागून आणायची. दोन्ही सारख्याच आहेत. बाबांना फार तर नाव वेगळं दिसेल, आणि तेव्हाचं तेव्हा बघू. बाबांना मी म्हटलं, "तुमच्या मावशीला भेटून येते." ते इतके खूश झाले की मला त्यांच्याकडे बघवेना.

गुरुवार

कुर्डुवाडीला गाडी सोडून बसनं परंड्याला पोहोचले तेव्हा दुपार कलली होती. मार्गशीर्ष संपत आला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी डोक्याएवढी उभी होती आणि बसमध्येसुद्धा तिचा हिरवा वास येत होता. स्टँडवर दत्तूमामा घ्यायला आले होते. केशरबाईंचा मुलगा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून नुकतेच निवृत्त झालेले गुरुजी. त्यांनी माझी बॅग उचलली आणि वजनानं थबकले.

"पुस्तकं हायेत का काय?"

पुस्तकं नव्हती. बॅगेत इंडक्शनची शेगडी, एक पातेलं, एक ताट, चार डबे आणि पाकिटातलं अन्न होतं. मी म्हटलं, "थोडं सामान आहे."

घर साधं, सिमेंटचं, पुढं अंगण आणि शेवग्याचं झाड. अंगणात बाजेवर केशरबाई बसल्या होत्या. त्यांना सगळे आक्का म्हणतात, मीही म्हणू लागले. त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"रूथबाईचं नाक," त्या म्हणाल्या. "डोळे न्हायत. डोळे ओव्हरसियर सायबाचे. लई संशयी बगायचा त्यो मानूस."

सुनंदामामी, दत्तूमामांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या. मी म्हटलं, मी चहा घेत नाही. ते खोटं होतं. मग पोहे आले. मी म्हटलं, भूक नाही. मामींनी माझ्याकडे बघून बशी झाकून ठेवली. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं.

संध्याकाळी मी माझ्या खोलीत शेगडी लावली. पातेल्यात पाणी ठेवलं, बटण दाबलं, आणि अख्ख्या घरातले दिवे गेले. दत्तूमामा बॅटरी घेऊन मीटरपाशी गेले. आक्कांचा आवाज अंधारातून आला, "काय झालं रं?"

"पाव्हणीनं चूल आणलीया मुंबईवरून," मामा म्हणाले. "आपल्या वायरीला झेपंना."

"मंग तसं सांगायचं की. तिच्या आजीची बी येगळीच असायची चूल." आक्का खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मला अंधारात त्यांची फक्त पांढरी बट दिसत होती. "काय खातीस तू, ते सांग. लाजू नगं."

मी सांगितलं, फळं चालतील, भाजलेल्या शेंगा चालतील. सुनंदामामींनी नव्या कोऱ्या सुपात शेंगा आणून ठेवल्या, वर दोन पेरू. मी अंधारात बसून त्या सगळ्या शेंगा खाल्ल्या. आपल्या घरी कुणी पाहुणा असा शेगडी घेऊन आला असता तर आईनं काय केलं असतं, याचा विचार करत बसले.

शुक्रवार

सकाळी मामांनी किल्ला दाखवला. परंड्याचा किल्ला गावाच्या अंगालाच आहे. खंदक, दुहेरी तट, आणि बुरुजावर एक इतकी मोठी तोफ की तिच्या अंगावर हात ठेवला तर उन्हानं तापलेल्या म्हशीवर ठेवल्यासारखं वाटतं. आत खांबांची जुनी मशीद आहे. मामा सांगत होते, बाबा लहानपणी या बुरुजावरून पतंग उडवायचे आणि एकदा पतंगाच्या शेपटीसाठी आजीच्या नव्या लुगड्याचा काठ फाडला होता. बाबांनी ही गोष्ट मला कधी सांगितली नव्हती. ठाण्याच्या घरात शांत बसणाऱ्या माझ्या वडिलांना इथं लोक 'सॅम्या' म्हणून ओळखत होते.

घरी परतल्यावर मी मनाचा हिय्या करून परातीची गोष्ट काढणार होते. त्याआधीच ती मला दिसली. देवघराचं दार उघडं होतं. आत भिंतीला टेकवून एक मोठी पितळी परात उभी होती आणि तिच्या काठावर कोरलेल्या अक्षरांत पिवळा भंडारा जाऊन बसला होता. 'सौ. रूथबाई'. माझ्या आजीचं नाव हळदीनं भरलेलं होतं.

"खंडोबाची परात हाय ती," मामी मागून म्हणाल्या. "ह्या घरातली तळी हिच्यातच उचलत्यात. परवा रविवारी हाय बगा."

त्यांचं कुलदैवत अणदूरचा खंडोबा, असं मामांनी मग सांगितलं. देव वर्षातला काही काळ नळदुर्गाला असतो, बाकी अणदूरला. त्याची दोन्ही गावांना सवय आहे. तळी म्हणजे परातीत खोबरं, पानं, सुपारी, भंडारा ठेवून पाच जण मिळून ती उचलतात आणि येळकोट म्हणतात.

मी मान हलवत ऐकत होते आणि आतून माझा बेत कोसळत होता. आमच्या धर्मात दुसऱ्या देवाच्या पूजेत वापरलेली वस्तू घ्यायचीच नाही. हे त्या परदेशी शिक्षकांचं म्हणणं नव्हतं, जुनं आणि पक्कं होतं. शिवाय जी वस्तू या घराला इतकी लागते ती मी कोणत्या तोंडानं मागणार होते?

सूर्य मावळायच्या आधी मी खोलीत शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणाऱ्या आमच्या विसाव्याच्या दिवसाच्या, दोन मेणबत्त्या लावल्या. डोळ्यांवर हात ठेवून आशीर्वाद म्हटला. हात काढले तर दारात आक्का. त्या मेणबत्त्यांकडे बघत होत्या.

"ती तेलाचा दिवा लावायची," त्या म्हणाल्या. "काचंच्या गलासात. खाली पानी, वर तेल. दहा-बारा वर्सं म्या शुक्कीरवारी तो बगितला. ती गेली तवा शुक्कीरवार लई मोठा वाटायचा."

शनिवार

शब्बाथला मी आग पेटवत नाही, दिव्याचं बटणही दाबत नाही. रात्री खोलीतला दिवा चालूच राहिला होता आणि मी तोंडावर ओढणी घेऊन झोपले होते. सकाळी थंडी चांगलीच होती. आक्का आत आल्या, न बोलता दिवा बंद केला आणि गेल्या. मग मामींनी नवं छोटं पातेलं घासून पाणी तापवलं आणि आक्का ते माझ्यासमोर आणून बसल्या.

"आक्का, मी तुम्हाला सांगितलं नव्हतं."

"सांगायचं नसतंयच. म्हाईत हाय मला. तुजी आजी कधी म्हनली न्हाय, केशर चूल पेटव. ती येऊन नुसती म्हनायची, आज गारठा लई हाय. मंग म्या समजून घ्यायचं." आक्का हसल्या. वरचे दात नव्हते, पण हसू पूर्ण होतं. "एकदा मला राग आलता तिचा. म्हनलं, गारठा हाय तर वाकळ घ्या. तशीच बसली दिवसभर. पर म्हनली न्हाय."

मी गरम पाणी पीत होते. विचारलं, "तुम्हाला ओझं नाही वाटायचं?"

"ओझं? आगं, तिचा शनवार म्या सांभाळायची आन् माजे चार दिस ती." मग त्यांनी आवाज खाली आणला, जरी घरात ऐकायला कुणी पुरुष नव्हता. "तवा बाजूला बसावं लागायचं. कशाला शिवायचं न्हाय. सासू गावी, घरात दत्तू तान्हा आन् आमचे मालक. त्यास्नी पानी बी तापवता येत नव्हतं. ती तिच्या चुलीवर भाकरी करायची, भाजी करायची, परातीत घालून भिताडावरून सरकवायची. सासू आली की मागच्या दारानं. त्येंच्यात बी बायकांचं तसलंच काय काय पाळत्यात, ठाव हाय मला. म्हनून तिला सांगावं लागलं न्हाय. दोगी बी कडक होतो. म्हनून तर पटलं."

मला आठवलं, मी नियम पाळायला लागले तेव्हा एकेक माणूस माझ्यापासून लांब गेलं होतं. आधी मैत्रिणी, मग मावशीचं घर, मग आई. मला वाटायचं, नियम म्हटले की हे होणारच. माझी आजी माझ्याइतकीच पाळत होती, आणि त्याच पाळण्यामुळे तिला शेजारची भिंत ओलांडावी लागत होती.

"माजी परात हाय न्हवं गं सॅम्याकडं?" आक्कांनी एकदम विचारलं. "वापरात हाय का नुसती ठिवलीया?"

"आहे," मी म्हणाले.

शब्बाथच्या दिवशी, त्यांनी तापवलेलं पाणी हातात धरून, मी त्यांच्या तोंडावर खोटं बोलले.

रविवार

सकाळी पुण्याहून गणेश आला. दत्तूमामांचा मुलगा, माझ्यापेक्षा वर्षभरानं मोठा असेल. तिथं एका कंपनीत आहे. बोलायला नीट, हसतमुख. त्यानं माझ्याशी आधी इंग्रजीत बोलून पाहिलं, मग मराठीत आला. तो कसल्याशा मंडळात जातो, धर्माचा अभ्यास करतो, असं मामी अभिमानानं सांगत होत्या. त्यानं आल्या आल्या सोवळ्याचं धोतर नेसलं. घरात इतकी वर्षं तळी साध्या पँट-शर्टावर उचलत होते.

दहाच्या सुमारास शेजारचे चार-पाच जण जमले. मामींचे रोडगे आणि वांग्याचं भरीत तयार होतं, भाजल्या वांग्याचा वास अंगणभर होता. मामांनी परात आणून पाटावर ठेवली. त्यांनी कौतुकानं सगळ्यांना सांगितलं, "हिच्या आजीची परात आहे ही. बघा, नाव."

गणेशनं वाकून नाव वाचलं. बहुतेक इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"रूथबाई म्हणजे?"

"ओव्हरसियर साहेबांची मिसेस. ज्यू होते ते."

गणेश सरळ उभा राहिला. मग तो अगदी नम्रपणे म्हणाला, "आजी, मला वाईट बोलायचं नाही. पाहुण्यांसमोर तर नाहीच. पण देवाचं काम आहे. दुसऱ्या धर्माच्या घरातलं भांडं, त्यांच्या बाईचं नाव त्यावर. आपल्याकडं दुसरी परात आहे की. स्टीलची, मोठी."

 एक शेजारी म्हणाले, "इतकी वर्सं चाललंय की रं."

"इतकी वर्षं कुणाला माहीत नव्हतं, काका. आता कळलंय. कळल्यावर तरी नीट करावं."

आक्का बाजेवर होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांनी नातवाकडे बघितलं, मग नजर खाली घेतली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. तो चेहरा मी ओळखत होते. आई दारातून आत निघून गेली तेव्हाचा. आणि गणेशचं वाक्य तर माझंच होतं. कळल्यावर तरी नीट करावं. शब्द न् शब्द मी आईला सांगितलेलं.

चार माणसांत बोलायची मला सवय नाही. वर्गातही मी कधी हात वर केला नाही. पण तेव्हा बोलले नसते तर ठाण्याला परत जाऊन बाबांसमोर उभी राहू शकले नसते.

"आक्का," मी म्हटलं, "तुमची परात आमच्याकडे नाही. काल मी खोटं बोलले. तिच्यावर तुमचं नाव होतं, हिंदू नाव, म्हणून मी ती भंगारात दिली. बाबांना माहीत नाही. मी इथं ही परात मागायला आले होते, त्यांना कळू नये म्हणून."

शेवग्यावरचा कावळा तेवढा ओरडत होता. गणेश माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते.

आक्कांनी विचारलं, "भंगारात?"

"हो."

"तोडून न्हेली का आख्खी?"

"अख्खी."

"मंग हाय कुठंतरी," आक्का म्हणाल्या.  "लई जड होती. तुज्या आजीनं बगितलं आसतं तर तुला त्याच परातीत बसवून घासली आसती, चिंच लावून."

शेजारचे काका हसले, मग आपण हसायला नको होतं असं वाटून थांबले. आक्कांनी मान वर केली. आता त्या गणेशशी बोलत होत्या, पण माझ्याकडे बघून.

"पयल्यांदा तळी उचलायची झाली तवा माज्याकडं परात नव्हती. नवी घेतलेली, ती सासूनं गावाकडं न्हेलती. रूथबाईनं तिची दिली. म्या म्हनलं, तुमीबी या, हात लावा. म्हनली, न्हाय केशर, ते मला चालत न्हाय. परात घे. आन् दारात उभी ऱ्हायली, तळी होईस्तोवर. खोबरं दिलं तर खाल्लं न्हाय, नमस्कार करून माघारी दिलं. मला राग न्हाय आला. परात दिली, हात लावला न्हाय. मानसानं असं असावं." मग त्या गणेशला म्हणाल्या, "तुला चालत न्हाय ना? नगं लावू हात. जबरी न्हाय. पर परात हीच."

गणेशच्या जागी पाचवा हात शेजारच्या काकांनी लावला. येळकोट झाला, भंडारा उधळला, कुणाच्या तरी हातून थोडा माझ्या खांद्यावर पडला. मी दाराच्या चौकटीपाशी उभी होते. थोड्या वेळानं गणेश येऊन दुसऱ्या बाजूला उभा राहिला.  मधे एकदा त्याच्याकडे पाहिलं तर तो परातीच्या काठाकडे बघत होता.

खोबरं मी घेतलं नाही, नमस्कार करून परत दिलं. आक्कांनी ते पाहिलं आणि मान डोलावली.

दुपारी मामी नेहमीसारख्या शेंगा आणि पेरू घेऊन आल्या. मी विचारलं, नैवेद्याच्या आधी वेगळी काढलेली एखादी भाकरी आहे का. ज्वारीच्या भाकरीबद्दल मला वर्गात शिकवलेला एक नियम आठवला होता. परक्याच्या हातचं शिजवलेलं खाऊ नये खरं, पण जे अन्न राजाच्या ताटात वाढत नाहीत त्याला ती बंदी नाही. दोन वर्षं मी या नियमाचा पहिलाच अर्धा पाळला होता. तवा नुसत्या भाकरीचाच, त्याला दुसरं काही लागत नाही, असं मामींनी सांगितलं. त्यांनी माझ्या ताटात भाकरी वाढली, वर शेंगदाण्याची चटणी आणि कच्चा कांदा.

"राजे खात न्हाईत व्हय भाकरी?" मी सांगितलेलं ऐकून आक्का म्हणाल्या. "म्हनून तर मेले समदे."

मी तीन भाकरी खाल्ल्या.

सोमवार

निघण्याआधी मला एक परात विकत घ्यायची होती. तांबट आता परंड्यात उरला नव्हता, पण बाजारपेठेत भांड्यांचं एक दुकान होतं. तिथं गणेशनं त्याच्या मोटारसायकलवरून नेलं. स्टीलच्या ढिगामागून दुकानदारानं एक पितळी परात काढली. जुनीपेक्षा पातळ होती, पण आकार तोच.

"नाव घालायचं?" त्यानं मशीनचं पेन हातात घेत विचारलं.

मी म्हटलं, "हो. सौ. केशरबाई."

गणेश खाली बघून म्हणाला, "आजोबा नाहीत आता. सौ. नाही लावत."

मी घरी फोन लावला. मामींनी आक्कांना दिला. आक्का म्हणाल्या, "सौ. नगं, श्रीमती नगं, बाई बी नगं. नुसतं केशर घाल. ती तेच म्हनायची."

दुकानदारानं काठावर तीन अक्षरं कोरली. मशीन थरथरत होतं म्हणून गणेशनं परात दोन्ही हातांनी धरून ठेवली. परतताना तो म्हणाला, "मी रविवारी चुकीचं बोललो असं मला अजून वाटत नाही. पण आजीचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही." मी म्हटलं, "माझंही तसंच झालं होतं." एवढंच आमचं बोलणं.

परक्याकडून घेतलेलं नवं धातूचं भांडं आम्ही वापरण्याआधी वाहत्या किंवा झऱ्याच्या पाण्यात बुडवतो. मामांच्या शेतात झऱ्यांची विहीर होती. आक्का हट्टानं सोबत आल्या, बैलगाडीच्या वाटेनं, काठी टेकत. मी परातीला दोर बांधला, आशीर्वाद म्हटला आणि ती पाण्यात सोडली. हिरव्या पाण्यात ती हळूहळू खाली जाताना दिसत राहिली.

"ह्यो काय नवा परकार?" आक्कांनी विचारलं. "हे काय रूथबाईनं मला दावलं नव्हतं."

"आमच्यात करतात, आक्का."

"कर, कर. दोर नीट धर. ही बी घालवू नगंस."

परत ओढताना दोराचं ओझं माझ्या एकटीला झेपेना. आक्कांनी काठी खाली टाकली आणि दोराला हात लावला.

ठाणे

घरी पोहोचल्यावर मी परात बाबांच्या पलंगावर ठेवली. त्यांनी चष्मा लावला, काठावरून बोट फिरवलं.

"सौ. कुठं गेलं?" त्यांनी विचारलं. "आणि बाई?"

मी सांगितलं. भंगारवाल्यापासून विहिरीपर्यंत सगळं. आई दारात उभी होती, यावेळी ती आत निघून गेली नाही.  शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "लुगड्याच्या काठाचं त्यांनी सांगितलं का तुला?"

"सांगितलं."

"अजून विसरले नाहीत," बाबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बराच वेळ पडून राहिले.

मलीदा पुढच्या आठवड्यात झाला. मलीदा आमच्या तोरा या धर्मग्रंथात सांगितलेला नाही हे अजूनही खरं आहे. माझी शेगडी अजून वेगळी आहे, काही नियमांवर मी अडून बसते, काहींवर आई. पण त्या दिवशी आईनं पोहे भिजवले, तिच्याच पातेल्यात, तिच्याच हातांनी. परात मधे ठेवल्यावर बाबा कालवायला पुढं झाले नाहीत. त्यांनी ती माझ्याकडे सरकवली.

"तू कालव."

मी डाव्या हातानं काठ घट्ट धरला आणि गूळ, खोबरं, पोहे एकत्र करू लागले. अंगठ्याखाली तीन अक्षरं लागत होती, अजून धारदार होती. प्रार्थना झाल्यावर पहिली मूठ आईनं माझ्या हातावर ठेवली आणि मी ती खाल्ली.